सल्लागार समितीचे सदस्य: बैठक भत्ता की मासिक मानधन?

शहराच्या सल्लागार समितीवरील सदस्यांचा मोबदला वाढवताना आधी पद्धत ठरवावी लागते. बैठक भत्त्याचा हिशेब सरळ: हजेरी लावली की पैसे. त्यामुळे गणपूर्तीला, म्हणजे बैठकीसाठी लागणाऱ्या किमान हजेरीला, मदत होते. पण जाडजूड अहवाल वाचणं, जागेवर जाऊन पाहणी करणं, लोकांचं ऐकून घेणं हे खरं काम त्यात मोजलंच जात नाही. शिवाय एकाच विषयाच्या दोन बैठका घेण्याचा मोह असतो.

मासिक मानधन त्या कामाचीही दखल घेतं. रोजंदारीवर जगणाऱ्या किंवा घरी तान्हं मूल असलेल्या माणसाला समितीवर येणं त्यामुळे परवडू शकतं, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गैरहजेरीला कपात मात्र हवी. रक्कम ग्राहक किंमत निर्देशांकाला, म्हणजे महागाई मोजणाऱ्या आकड्याला, जोडावी, नाहीतर प्रत्येक वाढीसाठी नवा ठराव लागतो.