'ओसीई' पॅकेज: काही महिने वापरल्यानंतर

साताऱ्यातल्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. यंदा एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी समुद्राचा डेटा घेतला आणि तेव्हापासून 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं, समुद्राचा डेटा वाचणारं ओसीई पॅकेज सतत हाताखाली आहे. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचे डॅन केली आणि त्यांचे सहकारी क्लार्क रिचर्ड्स यांचं हे काम. मोफत आहे, क्रॅनवरून (आरच्या पॅकेजांचं भांडार) एका ओळीत बसतं. आकडेमोड येते पण समुद्रशास्त्र शिकलेलं नाही, अशा लोकांसाठी लिहिते आहे.

सीटीडी हे यंत्र पाण्यात खाली सोडतात. ते विद्युतवाहकता (तिच्यावरून क्षारता काढतात), तापमान आणि दाब मोजत जातं. त्याची सीएनव्ही फाइल साधी मजकुराची असते. त्यामुळे वरचा मजकूर गाळून खालचा तक्ता तेवढा उचलावा, असं मुलांना पहिल्यांदा वाटतं. धोका तिथेच आहे. खराब नोंदीच्या जागी या फाइलीत बहुधा −९.९९०ई−२९ असा आकडा असतो, म्हणजे जवळजवळ शून्यच. −९९९ असता तर आलेखात लगेच दिसला असता. हा मात्र शून्य अंश तापमान बनून गुपचूप सरासरीत मिसळतो. ओसीई वरचा मजकूर वाचून ही खूण स्वतः ओळखतं आणि तिथे एनए, म्हणजे 'नोंद नाही', ठेवतं. तापमान १९६८ च्या आंतरराष्ट्रीय मापश्रेणीत आहे की १९९० च्या, हेही जपून ठेवतं. २८ अंशांना दोन्हींत जेमतेम ०.००७ अंशाचा फरक पडतो, पण क्षारतेच्या तिसऱ्या दशांशापर्यंत जायचं असेल तर तो सोडून चालत नाही. एकक, रकान्याचं मूळ नाव, कोणती प्रक्रिया कधी केली याची नोंद, सगळं त्या एकाच वस्तूत राहतं. माझ्या दृष्टीने या पॅकेजची खरी किंमत हीच: आकडा त्याच्या इतिहासासकट हातात येतो.

आमचा मुख्य डेटा आर्गोचा, म्हणजे जगभरच्या समुद्रांत सोडलेल्या स्वयंचलित मापनयंत्रांच्या प्रकल्पाचा. हे तरंगते फ्लोट साधारण १० दिवसांनी २००० मीटर खोलीवरून वर येतात आणि मोजमापं उपग्रहाकडे पाठवतात; भारतात हे काम हैदराबादचं इन्कॉइस ही समुद्रविषयक माहिती देणारी सरकारी संस्था बघते. या फाइली नेटसीडीएफ या वैज्ञानिक डेटाच्या फाइल-प्रकारात असतात, म्हणून एनसीडीएफ४ पॅकेज वेगळं बसवून घ्या. त्या वाचणारं ओसीईचं फंक्शन रीड.आर्गो चांगल्या-वाईट सगळ्या नोंदी देतं. प्रत्येक नोंदीला दर्जाचा शिक्का असतो, १ म्हणजे चांगली, ४ म्हणजे वाईट. हॅंडलफ्लॅग्ज हे फंक्शन चालवलं की वाईट नोंदी एनए होतात, आपोआप होत नाहीत. हे मला योग्यच वाटतं. काय टाकायचं ते अभ्यासकाने ठरवावं. तज्ज्ञांनी नंतर दुरुस्त केलेली क्षारता हवी असेल तर प्रेफरअ‍ॅडजस्टेड सांगावं लागतं. नवख्यांकडून हे हमखास राहतं.

प्लॉटटीएसने क्षारता-तापमानाचा आलेख काढला की घनतेच्या रेषा आपोआप येतात. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर एकाच आलेखावर घेतले, तेव्हा वर्गात खरी चर्चा झाली. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, म्हणून पृष्ठभागाची क्षारता ३६ च्या आसपास (साधारण एक किलो पाण्यात इतके ग्रॅम क्षार). उपसागरात नद्यांचं गोडं पाणी ओतलं जातं, उत्तरेकडे ती ३३ च्याही खाली जाते. महाबळेश्वरला उगम पावणारी आपली कृष्णाही तिकडेच जाते, हे एका मुलीने लगेच सांगितलं.

आता तक्रारी. आर्गोची माहिती मॅट्रिक्समध्ये येते, प्रत्येक स्तंभात एक प्रोफाइल, म्हणजे फ्लोटच्या एका फेरीतली खोलीनुसार मोजमापं. रिग्रेशनसाठी लांब डेटाफ्रेम हवी असते; ती स्वतः उलगडावी लागते आणि तारीख, अक्षांश, रेखांश प्रत्येक ओळीपुढे पुन्हा भरावे लागतात. यावर आमचा बराच वेळ गेला. आतली माहिती काढायला लागणाऱ्या दुहेरी चौकटी कंसांची ([[ ]]) सवय व्हायलाही मुलांना दिवस लागले. मदतपानं सविस्तर आहेत, पण ती समुद्रशास्त्रज्ञांसाठी लिहिलेली; दाब डेसिबारमध्ये असतो आणि एक डेसिबार म्हणजे साधारण एक मीटर खोली, एवढं तरी मुलांना आधीच सांगून ठेवा.

नुसती एखादी सीएसव्ही फाइल वाचायची असेल तर याची गरज नाही. यंत्रातून आलेली मूळ फाइल हातात असेल, तर मात्र दुसरं काही वापरू नका.