हायरायडर हायब्रीड: जळगाव-धुळ्याच्या उन्हात आणि घाटात

टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या २०२२ मध्ये आलेल्या गाड्या पत्र्याखाली जवळपास एकच आहेत. दोन्हींत माइल्ड आणि स्ट्राँग असे दोन हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेले प्रकार, मिळतात आणि बुकिंगच्या वेळी घोळ तिथेच होतो. माइल्डमधली मोटर इंजिनाला नुसता हात देते, एकट्या बॅटरीवर ती गाडी हलत नाही; स्ट्राँग मात्र काही वेळ नुसत्या मोटरवरही चालते. इथे लिहिलंय ते स्ट्राँग हायब्रीडबद्दल.

इंजिन दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं, ॲटकिन्सन पद्धतीचं. म्हणजे पेट्रोल कमी पितं, पण जोरही बेताचाच: साधारण ९२ पीएस (जवळपास तेवढीच अश्वशक्ती). जोडीला ८० पीएसची मोटर आहे आणि दोन्ही मिळून ११६ च्या आसपास. गिअरबॉक्सला क्लच नाही, इंजिनाला वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. त्यामुळे पट्टा तुटणं, क्लच प्लेट जळणं ही दुखणी या गाडीत नाहीतच.

ॲव्हरेज कागदावर २७.९७ आहे. प्रत्यक्षात २० ते २४ मिळालं तर गाडीत काही बिघाड नाही, हे आधीच समजून घ्या. गंमत अशी की साध्या गाडीचं ॲव्हरेज जिथे मार खातं तिथेच ही कमावते. जळगावची अजिंठा चौफुली, फुले मार्केटची गर्दी किंवा धुळ्याचा आग्रा रोड, जिथे गाडी सरकते-थांबते, तिथे बराच वेळ इंजिन बंदच असतं. उलट धुळे-सुरत चौपदरीवर ११० ने सोडली की वाऱ्याचा विरोध वाढतो, इंजिन सतत चालतं आणि मोटरला फारसं काम उरत नाही. तिथे ९० च्या आत राहणाऱ्यालाच आकडा दिसतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणजे हिशोबाने सहा-सात टक्के ॲव्हरेज तिथेच गेलं. त्यासाठी सर्व्हिस सेंटरवाल्याशी भांडू नये.

सिग्नलला किंवा रेल्वे गेटवर गाडी न्यूट्रलला टाकायची सवय इथे मोडावी लागते. न्यूट्रलमध्ये हायब्रीड बॅटरी चार्ज होत नाही, एसी मात्र तिच्यातूनच वीज ओढत राहतो. गिअर 'डी'मध्येच (ड्राइव्ह) ठेवून ब्रेक दाबा, जास्त वेळ थांबायचं असेल तर 'पी'मध्ये (पार्किंग) टाका.

आता ऊन. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो आणि या गाडीची खरी परीक्षा तेव्हाच. हायब्रीड बॅटरी फक्त ०.७६ युनिटची आहे. एसी दीड किलोवॉट खेचत असेल तर अख्खी बॅटरीसुद्धा अर्ध्या तासात संपेल, आणि यंत्रणा ती पूर्ण रिकामी कधीच होऊ देत नाही. म्हणून उभ्या गाडीत एसी चालू असताना इंजिन थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू-बंद होतं. तो दोष नाही. बॅटरी तापली की यंत्रणा तिच्याकडून काम कमी करून घेते, इंजिन जास्त चालवते आणि ॲव्हरेज उतरतं. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी काचा खाली करून मिनिटभर गरम हवा जाऊ द्या, मगच एसी लावा.

बॅटरीला थंड करणारा पंखा हवा घेतो ती गाडीच्या आतलीच, मागच्या सीटजवळच्या जाळीतून. नेमकी जागा पुस्तिकेत दाखवलेली आहे, पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. तिच्यावर पिशवी, चादर, लग्नाच्या साड्यांचं गाठोडं ठेवलं की बॅटरीचा श्वास कोंडतो. जाळीमागच्या फिल्टरमध्ये कापसाची तूस आणि काळ्या मातीची धूळ बसते. आपल्याकडे तो प्रत्येक सर्व्हिसिंगला साफ करून घ्यावाच, आणि 'केला' असं नुसतं ऐकून न घेता काढलेला फिल्टर डोळ्यांनी पाहावा. मागून पंख्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येऊ लागला तर आधी संशय याच जाळीवर घ्या.

वरच्या मॉडेलचं मोठं काचेचं छत खानदेशात कशाला हवं, हे कळत नाही. त्याचा पडदा पातळ आहे, दुपारी डोक्यावर झळ जाणवते. त्यापेक्षा हवा खेळणाऱ्या पुढच्या सीट मात्र कामाच्या.

घाटाचं गणित वेगळं. चाळीसगावहून कन्नड घाट किंवा शहाद्याकडून तोरणमाळ पाच माणसं घेऊन चढताना बॅटरीचा साठा लवकर उतरतो आणि मग भार इंजिनावर येतो. पाय दाबला की आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो. तीन सिलिंडरची घरघर तेव्हा चांगलीच ऐकू येते. डिझेलच्या ओढीची सवय असलेल्यांनी टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची गावातल्या गावात घेऊ नये, घरची माणसं भरून धुळ्याजवळचा लळिंगचा चढ चढून पाहावा. उतरताना चाकं मोटरला फिरवतात, तिच्यातून वीज तयार होते आणि बॅटरी भरत जाते. ती भरली की वीज साठवायला जागा उरत नाही आणि सगळा ताण ब्रेकवर येतो. उतार सुरू होतानाच गिअर 'बी'वर घ्या, म्हणजे इंजिनही गाडी रोखायला लागतं. सपाट रस्त्यावर मात्र 'बी'चा फायदा नाही. तिथे ब्रेक लवकर आणि हलका लावला की वीज परत मिळते, अचानक दाबला की नुसती उष्णता होते.

डिकी २६५ लिटरची, कारण बॅटरी तिथेच खाली बसवली आहे. माइल्डमध्ये ३७३ लिटर मिळतात. लग्नसराईत हा फरक बोचतो.

पैशांचं बोलायचं तर माइल्ड आणि स्ट्राँगच्या ऑन रोड किमतीत अडीच लाखांचा फरक धरा, पेट्रोल १०५ रुपये, ॲव्हरेज १५ विरुद्ध २२. किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांच्या आसपास वाचतात, म्हणजे फरक भरून निघायला सुमारे १ लाख १२ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला १५ हजार चालवणाऱ्याला साडेसात वर्षं. रोज भुसावळ-जळगाव ये-जा करणाऱ्याने घ्यावी. सणासुदीला गावी जाण्यापुरती गाडी लागत असेल तर माइल्डच बरी. हायब्रीड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, त्यामुळे तिची धास्ती नको.

त्रास देते ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी. गाडीचे कॉम्प्युटर तीच जागे करते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी निघायला तयार असल्याचा 'रेडी' दिवा लागत नाही. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी'त ठेवा. गाडी आवाज करत नाही म्हणून बंद न करताच उतरणारेही असतात, तेव्हा दिवा विझल्याची खात्री करूनच दार लावा.

जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर असली तरी या हायब्रीडची ओढ पुढच्या चाकांनाच आहे. पावसात केळीच्या बागेकडे जाणाऱ्या काळ्या मातीच्या वाटेवर टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की गाडी जागीच फिरते. बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून गावापर्यंत ओढत नेण्याचा आपला रिवाज इथे चालत नाही. पुढची चाकं फिरली की मोटर फिरते, वीज तयार होते आणि आतलं महागडं काम निघतं. पुढची चाकं उचलून, नाहीतर सरळ सपाट पाठीच्या गाडीवर (फ्लॅटबेड) लादूनच न्यावी लागते. रोडसाइड मदतीचा नंबर फोनमध्ये भरून ठेवा आणि बोलावताना 'हायब्रीड आहे, फ्लॅटबेड पाठवा' हे आधी सांगा.