‘ट्रेकिंग प्रशिक्षण शुल्क’ अशी पावती मिळाली, तर पैसे परत मागा

गेल्या वर्षी चीनच्या भिंतीवरील पदभ्रमंतीच्या नावाखाली आम्हा कोल्हापूरच्या चौदा जणांचे प्रत्येकी १,६८,५०० रुपये, म्हणजे एकूण २३,५९,००० रुपये बुडाले. त्यांपैकी ३,३७,००० माझे आणि माझ्या पत्नीचे होते. मी एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात ३१ वर्षे नोकरी केली आहे आणि पावती कशी वाचायची हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती, म्हणून हे लिहिताना संतापाइतकीच शरमही वाटते.

सहल ११ ऑक्टोबर २०२५ रोजी निघणार होती. बाडालिंगसारख्या गर्दीच्या ठिकाणी न जाता बीजिंगपासून सुमारे १३० किलोमीटरवर डोंगरात असलेल्या जिनशानलिंगच्या तटावरून चालायचे, खेड्यातल्या घरांत मुक्काम करायचा, भिंतीवरूनच सलग सिमाताईपर्यंत जायचे आणि शेवटी जियानकोउचा पडका, डागडुजी न झालेला भाग पाहायचा, असा छापील कार्यक्रम आमच्या हाती होता. सोळाव्या शतकात मिंग राजवटीत उभारलेले ते बुरूज पाहण्याची माझी इच्छा फार जुनी आहे. जिनशानलिंगहून भिंतीवरून थेट सिमाताईला जाण्याची वाट कित्येक वर्षांपूर्वीच बंद झाली आहे आणि जियानकोउ पर्यटकांसाठी खुलाच नाही, हे मला नंतर समजले. तेथे २००६ पासून लागू असलेल्या नियमांनुसार भिंतीच्या न उघडलेल्या भागात सहली नेण्यास मनाई आहे. कार्यक्रमपत्रिकेतील प्रत्येक ठिकाण आज खुले आहे की नाही, हे पहिला हप्ता देण्यापूर्वी स्वतः तपासा.

बुकिंगचे २५,००० रुपये आम्ही एप्रिलमध्ये दिले. ८५,००० रुपयांचा दुसरा हप्ता देण्यासाठी १९ जून रोजी मी सहलीच्या आयोजकाच्या राजारामपुरीतील कार्यालयात गेलो आणि जे तेव्हाच कळायला हवे होते ते तेथेच घडले. परदेश सहलीच्या रकमेवर आयोजकाला पॅन घेऊन टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कापायचा आयकर, वसूल करावा लागतो. त्या वेळी दहा लाखांपर्यंतचा दर पाच टक्के होता, म्हणजे आमच्या बाबतीत माणशी ८,४२५ रुपये. तो म्हणाला, “काका, सहल म्हणून बिल केले की टीसीएस, जीएसटी सगळेच आले. मी ‘ट्रेकिंग प्रशिक्षण शुल्क’ लिहितो, तुमचे तेवढे पैसे वाचतील.” त्याने कार्बन घालून पावती लिहिली आणि पिवळी प्रत माझ्यापुढे सरकवली. त्या कागदावर ना चीनचे नाव होते, ना तारखांचे, ना विमानाचे. मी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि घरी येऊन पत्नीला सांगितले की आपले दोघांचे १६,८५० रुपये वाचले. टीसीएस हा काही बुडणारा पैसा नव्हे, तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, हे मी कारखान्यात शेकडो जणांना समजावून सांगितले असेल. त्या दिवशी मला ते आठवले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. आठवले, पण मी बोललो नाही.

तरीही आम्ही अगदीच डोळे मिटून पैसे दिले, असे कुणी म्हणू नये. जुलैमध्ये भर पावसात त्याने आम्हाला पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालवले, पाठीवर सहा किलोंची सॅक देऊन सराव करून घेतला, आणि मसाई पठारापुढच्या चिखलात माझी पत्नी घसरली तेव्हा तिचा हात धरून तिला वर काढणाराही तोच होता. अशा माणसावर संशय कसा घ्यायचा? हा सराव त्याने का करून घेतला, ते पुढे पोलीस ठाण्यात समजले.

५८,५०० रुपयांचा शेवटचा हप्ता सप्टेंबरमध्ये दुसऱ्याच नावाच्या खात्यावर मागितला गेला. पाच सदस्यांनी आपले पैसे माझ्याकडे दिले होते, म्हणून ४,०९,५०० रुपयांचा आरटीजीएस माझ्या खात्यातून गेला. कुणाचेही पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, सख्ख्या भावाचेसुद्धा नाही. मूळ पासपोर्ट आमच्या कपाटातच होते. व्हिसा गटाचा असल्याने वेगळ्या कागदावर येतो, असे सांगून त्याने मोबाइलवर एक कागद पाठवला. विमानाच्या तिकिटाऐवजी सहा अक्षरांचा पीएनआर, म्हणजे नुसता आरक्षण क्रमांक दिला. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. तेरा अंकी तिकीट क्रमांक मिळाल्याशिवाय पैसे भरले गेले असे मानू नका. ४ ऑक्टोबरला त्याचा फोन बंद झाला, कार्यालयाला कुलूप दिसले आणि विमान कंपनीने ते आरक्षण रद्द झाल्याचे सांगितले.

त्यानंतर जे सोसले त्याचा संताप मला फसवणुकीपेक्षाही अधिक आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर सांगण्यात आले की ओळखीच्या माणसाला स्वतःहून दिलेले पैसे सायबर गुन्ह्यात बसत नाहीत, पोलीस ठाण्यात जा. पोलीस ठाण्याने आर्थिक गुन्हे शाखेकडे पाठवले, त्यांनी रक्कम आमच्या मर्यादेत बसत नाही म्हणून परत पोलीस ठाण्याकडे पाठवले. तेथील अधिकाऱ्याने पिवळी पावती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “प्रशिक्षण झाले ना? मग फसवणूक कुठे? हा दिवाणी वाद आहे.” पन्हाळ्याच्या सरावाचे आमचेच हसरे फोटो आयोजकाच्या बाजूचा पुरावा ठरले. दुसऱ्या दिवशी तर पाच जणांचे पैसे तुमच्या खात्यातून गेले, तेव्हा आधी तुमचाच जबाब घ्यावा लागेल, असे मला सुनावण्यात आले, आणि ज्यांच्यासाठी मी धावपळ करत होतो त्यांच्यादेखत मला तीन तास बाकावर बसवून ठेवले. तक्रार केल्याची पोचसुद्धा कुणी देईना. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालील फसवणूक दखलपात्र आहे आणि ठाण्याने नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते, हे आम्हाला एका वकिलांकडून समजले. सरकारी पगार घेणाऱ्या एकाही माणसाने ते सांगितले नाही. गुन्हा नोंदवायला ४७ दिवस लागले. तोपर्यंत दोन्ही खाती रिकामी झाली होती.

जिल्हा ग्राहक आयोगात प्रत्येकाने स्वतंत्र तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून कुणी गप्प बसू नये. छापील कार्यक्रमपत्रिका आणि मोबाइलवरील संभाषण यांच्या आधारे ही सहलच होती हे सिद्ध करण्याची धडपड आम्ही करत आहोत.

त्या पाच जणांत माझ्या दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी आहेत. त्यांनी मुदत ठेव मोडून पैसे दिले होते, तेही माझ्या शब्दावर. त्यांना मी दरमहा ५,००० रुपये परत करत आहे; नको म्हणतात, पण मी ऐकत नाही. कोल्हापूर, सांगली वा इचलकरंजीत कुणाकडे अशाच मजकुराची पिवळी पावती असेल, तर ती जपून ठेवा आणि लाज न बाळगता आजच लेखी तक्रार द्या. आमच्या चौदाच पावत्या पुढे असल्याने तो ‘हा एकच गैरसमज’ असे म्हणू शकतो.