वाचनालयातला मुलांचा रविवार: काही महिन्यांनंतरचा अनुभव

जूनपासून लेकीला आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात रविवारच्या बालवाचनाला नेते आहे. ती इंग्रजी माध्यमात तिसरीला. मराठी फाडफाड बोलते, पण वाचायला बसली की जोडाक्षरापाशी अडायची आणि पुस्तक बाजूला पडायचं. ज्यांच्या घरी हेच चाललंय, त्यांनी मुलांना जरूर न्यावं.

बालविभागात सतरंजी अंथरतात आणि एक ताई गोष्ट वाचतात. सांगत नाहीत, वाचतात. पुस्तक मुलांकडे वळवून धरतात, ओळीखालून बोट फिरवतात आणि पान उलटण्याआधी थांबतात. तेवढ्यात मुलं चित्रावरून पुढचं ओळखायला लागतात, एखादं तर पुढची ओळ वाचूनच टाकतं. शब्द चुकला तरी ताई टोकत नाहीत. तीच ओळ स्वतः नीट वाचतात आणि पुढे जातात. लेकीची भीड चेपली ती यामुळेच. 'प्रकाश'पाशी अडणारी मुलगी आता अडली तरी थांबत नाही.

पण माझ्या मते खरं काम होतं ते गोष्ट संपल्यावर. कपाटं उघडी असतात, देवघेव चालू असते आणि ऐकलेलं पुस्तक घरी न्यायला मुलांची झुंबड उडते. नोंदवहीत सही मुलानेच करायची. पुस्तक निवडताना 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या पुस्तकांवरच्या, सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या 1 ते 4 या वाचनपातळ्या फार उपयोगी पडल्या. पहिल्या पातळीचं पुस्तक घेताना 'हे तर लहान मुलांचं' असं तिला कुणी म्हणालं नाही, हे महत्त्वाचं. आता ती तिसऱ्या पातळीची घेते आणि बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंकही चाळते.

सगळंच छान आहे असं नाही. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, मोठा कार्यक्रम ठेवला होता. पाहुणे, हारतुरे, भाषणं, मग वक्तृत्व स्पर्धा. मुलं तासभर खुर्च्यांवर चुळबुळत होती आणि कार्यक्रमामुळे देवघेव बंद! वाचनाच्या दिवशी मुलं प्रमाणपत्रं घेऊन, पुस्तकाविना घरी गेली, याचं मला फार वाईट वाटलं. तसं कार्यकारिणीला लेखी कळवलंय. शिवाय सगळ्या वयांची मुलं एकत्र बसवतात, त्यामुळे सहावी-सातवीची कंटाळून येईनाशी झाली. त्यांना वेगळी वेळ हवी. चांगली पुस्तकं एकेक प्रतीतच आहेत, तीही पुरती खिळखिळी.

सुट्टीत भिलारलाही जाऊन आलो. 2017 पासूनचं हे पुस्तकांचं गाव. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुठेही बसून फुकट वाचा. लेक रमली, पण सहल ती सहलच. वाचनाची सवय लागायला दर आठवड्याला जाता येईल अशी जवळची जागा लागते. मधल्या दिवसांत 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात, त्या आम्ही फोनवर एकत्र वाचतो.

वर्गणी किरकोळ आहे. तरी नाव घालण्याआधी एक रविवार नुसतं जाऊन बसा आणि गोष्ट संपल्यावर मुलांना पुस्तकं घरी नेऊ देतात का, तेवढं बघा.