पुणे की बंगळुरू? पहिलं गिऱ्हाईक कुठे आहे ते बघा

भाचा यंदा इंजिनिअर झाला. इलेक्ट्रिक दुचाकीची बॅटरी थंड ठेवायचं काहीतरी त्याच्या डोक्यात आहे, आणि दोन मित्र बंगळुरूला निघालेत. "मामा, मीही जाऊ का?" यावर घरात तीन रविवार गेले. अशाच पेचात असाल तर हे वाचा.

आधी सरकारी पैसा. कर्नाटकाच्या 'एलिव्हेट' योजनेत निवडलेल्या स्टार्टअपला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. महाराष्ट्रात स्टार्टअप सप्ताहातून निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यांत काम करून दाखवण्यासाठी काही लाखांचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) मिळतो. आकडा लहान, पण मला हाच मोलाचा वाटतो. अनुदान खर्च झालं की संपलं. कार्यादेशाचा कागद पुढच्या गिऱ्हाइकापुढे टाकता येतो. अर्थात निवड फक्त २४ जणांची, तेव्हा त्या भरवशावर कुणी गाळा भाड्याने घेऊ नये. केंद्राचा सीड फंड, म्हणजे सुरुवातीचं भांडवल, दोन्हीकडे सारखाच, तो हिशेबात धरू नका.

हातात धरता येईल अशी वस्तू बनवणार असाल तर पुणं सोडू नका. भोसरीत एकाच गल्लीत लेथवाला, व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर भाग कापून देणारा, हीट ट्रीटमेंटवाला सापडतो; नमुना चुकला तर संध्याकाळी दुसरा करून मिळतो. बॅटरीच्या चाचण्यांना एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था पुण्यातच. औषध किंवा जैवतंत्रज्ञान असेल तर पाषाण रस्त्यावर एनसीएलचं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं) व्हेंचर सेंटर आहे, तिथे लाखोंची उपकरणं विकत न घेता वापरता येतात. बंगळुरूत 'पीण्या' नावाची औद्योगिक वसाहत मोठी आहे, नाही असं नाही. पण चाकणचे गाड्या बनवणारे कारखाने तिथून साडेआठशे किलोमीटर लांब. गंमत बघा, इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर कंपनी बंगळुरूची, स्कूटर बनते तमिळनाडूत होसूरला, आणि पुढच्या कारखान्याला जागा घेतली आपल्या संभाजीनगरजवळ बिडकीनला.

ॲप किंवा सॉफ्टवेअर असेल तर मात्र पारडं बंगळुरूकडे झुकतं. फ्लिपकार्टसारख्या कंपन्यांतून बाहेर पडलेल्यांनी तिथे नव्या कंपन्या काढल्या, दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसेही घातले. असं तयार वर्तुळ पुण्यात लहान आहे. लहान मुलांच्या वस्तू विकणारी फर्स्टक्राय २०१० पासून पुण्यातच वाढली हे खरं. पण २००८ ला इथेच सुरू झालेल्या ड्रुवा या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय कॅलिफोर्नियाला गेलं.

राहण्याचा खर्च? पुण्यात घराची अनामत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी. बंगळुरूत पूर्वी सर्रास दहा महिन्यांची मागत, आताही पाच-सहा सांगतात. ट्रॅफिकची तुलना करूच नये. हिंजवडी आणि बंगळुरूचा सिल्क बोर्ड चौक सख्खी भावंडं.

पुण्याची एक खोट सांगायलाच हवं: उधारी. नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करायचे असा कायदा आहे. मी माझ्याच बिलासाठी एका मोठ्या कंपनीच्या मागे सात महिने फिरलो. दर वेळी 'बिल सिस्टीममध्ये आहे' एवढंच उत्तर. पोरं राज्याबाहेर जातात म्हणून परिसंवादांत हळहळणाऱ्यांनी आधी आपल्या पुरवठादारांची बिलं चुकती करावीत. नवं पोर सात महिने तग धरत नाही, ते सरळ नोकरी धरतं, आणि मग गाव कुठलं का असेना.

भाच्याने भोसरीत एका ओळखीच्या गाळ्यात कोपरा घेतलाय. ॲपवाल्या मित्राला परवा मीच स्वारगेटला रात्रीच्या बसमध्ये बसवून आलो.