धर्मांधतेला जाब विचारणारी मेटल गाणी: सुरुवात कोणत्या गाण्यापासून करावी?

हेवी मेटल म्हणजे देवाधर्माची टिंगल, असा समज आपल्याकडे अजूनही पक्का आहे. या संगीतात सैतानाचे सोंग पुष्कळ आहे हे खरे. परंतु श्रद्धेची खिल्ली उडवणे वेगळे आणि श्रद्धेच्या नावाने माणसे मारणाऱ्यांना जाब विचारणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारातले एखादे गाणे ऐकायचे असेल, किंवा मित्रमंडळींना ऐकवून त्यावर चर्चा करायची असेल, तर वेग आणि आवाज यांचा विचार करण्याआधी गाण्यात बोलतो कोण, हे पाहावे.

मेगाडेथच्या ‘होली वॉर्स... द पनिशमेंट ड्यू’ या १९९० सालच्या गाण्यात बोलतो तो परका, आणि त्याला तसे कारणही आहे. १९८८ मध्ये उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम येथे या बँडचा कार्यक्रम होता. बाहेर अनधिकृत टी-शर्ट विकले जात होते आणि त्याचे पैसे ‘द कॉज’साठी, म्हणजे ब्रिटनपासून सुटून आयर्लंडशी एक होण्याच्या लढ्यासाठी आहेत, असे गायक डेव्ह मस्टेनच्या कानावर आले. त्या दोन शब्दांमागे केवढा रक्तरंजित संघर्ष आहे याची कल्पना नसताना त्याने मंचावरून एक गाणे त्या ‘कार्या’ला अर्पण केले आणि प्रेक्षकांतील कॅथलिक व प्रॉटेस्टंट एकमेकांवर तुटून पडले. बँडला बुलेटप्रूफ बसमधून तेथून निघावे लागले, असे मस्टेन सांगतो. म्हणूनच समुद्र ओलांडून परमुलखात जाणाऱ्या आणि ‘देवाच्या आज्ञेवरून मारता का?’ असे तिथल्या लोकांना विचारणाऱ्या मूर्खांत गाण्यातला निवेदक स्वतःलाही धरतो. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. वेगवान रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा) एकाएकी थांबून मार्टी फ्रीडमनची अकूस्टिक गिटार सुरू होते, ती जागाही विलक्षण आहे. मात्र त्यानंतरचा उत्तरार्ध ‘पनिशर’ या कॉमिकमधील सूडकथेकडे वळतो, त्यामुळे धर्मयुद्धाचा विषय अर्ध्यावरच सुटतो.

आयर्न मेडनचे ‘फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड’ (२००६) हे बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिसने लिहिलेले गाणे नऊ मिनिटांहून मोठे असूनही विषय सोडत नाही. जीवन म्हणजे काय, प्रेम म्हणजे काय, युद्ध म्हणजे काय, असे प्रश्न विचारणारा सामान्य माणूस त्यात बोलतो. शेवटी वाद्ये शांत होतात आणि गायक ब्रूस डिकिन्सन हळू आवाजात क्रुसावर प्राण देणाऱ्या ख्रिस्ताची आठवण काढतो: त्याने आपल्यासाठी वेदना सोसली, मग तीच वेदना पुन्हा आपल्या वाट्याला का यावी? धर्मांधाला त्याच्याच धर्माच्या कसोटीवर उभे करणारी ही जागा भाविक श्रोत्यालाही आपली वाटू शकते. ध्रुवपद गरजेपेक्षा अधिक वेळा येते, हा दोष मान्य करूनही पहिल्या श्रवणासाठी आणि चर्चेसाठी मी हेच गाणे सुचवीन.

त्याच वर्षीच्या स्लेयरच्या ‘जिहाद’मध्ये बोलतो तो थेट मारेकरी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील विमान अपहरणकर्त्याच्या मनातून हे गाणे लिहिलेले आहे आणि अखेरीस हल्लेखोरांनी मागे ठेवलेल्या पत्रातील मजकूर बोलक्या आवाजात ऐकू येतो. त्याला उत्तर देणारा दुसरा आवाज गाण्यात कुठेही नाही. त्या माणसाच्या मनात शंकेला जागाच उरलेली नाही, हे ऐकताना अंगावर काटा येतो आणि तीच या गाण्यातली टीका आहे. पण तयारीविना ऐकणाऱ्याला ती स्तुती वाटण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. हे गाणे ज्या ‘क्राइस्ट इल्यूजन’ अल्बममध्ये आहे, तो मुंबईतील कॅथलिक सेक्युलर फोरमच्या विरोधानंतर २००६ मध्येच भारतातील बाजारातून मागे घेण्यात आला. ख्रिस्ताचे छिन्नविच्छिन्न चित्र असलेले मुखपृष्ठ हे त्या विरोधाचे एक ठळक कारण होते. गायक टॉम अराया स्वतः कॅथलिक आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. शब्द समोर ठेवून एकट्याने ऐकण्याचे हे गाणे आहे. ओळख नसलेल्या मंडळींसमोर ते लावू नये.

इंग्रजी शब्दांपाशीच अडायला होत असेल, तर दिल्लीच्या ब्लडीवूड या बँडचे हिंदी-इंग्रजी ‘गद्दार’ घ्यावे. धर्माच्या आडून फूट पाडणाऱ्या राजकारणावर ते तुटून पडते, २०२२ च्या ‘रक्षक’ अल्बममध्ये ते आहे आणि त्यातला संताप समजून घ्यायला आपल्याला परदेशाचा इतिहास वाचावा लागत नाही. मेडनच्या गाण्यातील सबुरी त्यात नाही. मात्र महाविद्यालयीन मुलांचा गट असेल, तर चर्चा पेटायला याच गाण्याने वेळ लागणार नाही.