वनस्पती व प्राणी पेशींच्या प्रतिकृतींचा जोडसंच : हरितलवक उत्तम, साठवणीचा भाग अपुरा

कोल्हापुरातील एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून शाळेच्या प्रयोगशाळेसाठी हा जोडसंच 1,850 रुपयांना घेतला. बैठक भक्कम आहे, रंग चांगले आहेत आणि नावे पाठ्यपुस्तकातील परिभाषेप्रमाणे मराठीत छापलेली आहेत.

संचातील सर्वांत सरस भाग म्हणजे हरितलवक, म्हणजे वनस्पती पेशीतील प्रकाशसंश्लेषण करणारा हिरवा घटक. त्याचे झाकण उचलले की आत भाकरीच्या चळतीसारख्या रचलेल्या हिरव्या चकत्या दिसतात. एक चळत बाहेर काढून हातात घेता येत असल्यामुळे, प्रकाश या चकत्यांच्या पटलांवर शोषला जातो आणि कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार होण्याचे काम भोवतालच्या द्रवात, म्हणजे पीठिकेत चालते, हा फरक मुलांना पाठांतराशिवाय उमगतो. चकत्यांशेजारी स्टार्चचे दोन पांढरे कणही बसवले आहेत. दिवसा तयार झालेल्या शर्करेचा काही भाग असा जागेवरच साठतो आणि रात्री त्याचे विघटन होऊन तो झाडाच्या कामी येतो. ही बारकाई ज्याने दाखवली, त्याला विषय कळतो हे निश्चित.

म्हणूनच पुढची चूक अधिक खटकते. तंतुकणिका, म्हणजे श्वसनातून पेशीला ऊर्जा मिळवून देणारा घटक, फक्त प्राणी पेशीत दाखवली आहे. तिचे आतील घड्यांचे आवरण बोटाला जाणवेल इतके उठावदार आहे, पण वनस्पती पेशीत ती नाहीच! त्यामुळे झाडांना ऊर्जा थेट सूर्यापासून मिळते आणि त्यांना श्वसनाची गरज नसते, असा समज मुलांच्या मनात पक्का होतो. वास्तविक उजेड न पोहोचणाऱ्या मुळांच्या पेशी असोत वा रात्रीची पाने, शर्करेतील ऊर्जा एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) रूपात मोकळी करण्यासाठी त्यांनाही तंतुकणिकाच लागते. सोबतच्या पुस्तिकेत एका ग्लुकोज रेणूपासून 38 एटीपी मिळतात असे छापले आहे. तो जुना हिशेब असून आता हा आकडा साधारण 30 ते 32 मानला जातो, आणि त्यांपैकी निव्वळ 2 एटीपी तंतुकणिकेबाहेर, पेशीद्रव्यातच तयार होतात.

साठवणीच्या बाबतीत तर संच फारच तोकडा आहे. वनस्पती पेशीतील मोठ्या निळ्या रिक्तिकेवर (साठवणीच्या पिशवीवर) केवळ ‘पाणी’ असे लिहिले आहे. उसाच्या कांड्यातील साखर मुख्यतः रिक्तिकांमध्येच साठते, आणि गुऱ्हाळावर गरम काकवी चाखलेल्या आपल्या जिल्ह्यातील मुलांना याहून चांगले उदाहरण कोणते देणार? बटाट्यात स्टार्च साठवणारी अवर्णलवके (रंगहीन लवके) संचात नाहीत. प्राणी पेशीत यकृताचे व स्नायूंचे ग्लायकोजेनचे (प्राण्यांमधील साठवलेल्या शर्करेचे) कण किंवा मेदाचे थेंब यांपैकी काहीच दाखवलेले नाही. वास्तविक पेशीद्रव्यात चार रंगीत ठिपके दिले असते तरी भागले असते.

तंतुकणिका सुटी मिळेल का, अशी विचारणा केली असता सुटे भाग मिळत नाहीत असे दुकानात सांगण्यात आले. शेवटी वनस्पती पेशीत आम्ही शाडूच्या मातीची तंतुकणिका करून चिकटवली, आणि साठवणीसाठी बटाट्याच्या पातळ कापावर आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली निळे-काळे होणारे कण दाखवले. एवढी जोड देण्याची तयारी असेल तर आठवी-नववीच्या वर्गासाठी संच घेण्यास हरकत नाही. अकरावीच्या जीवशास्त्रासाठी मात्र घेऊ नये.